‘ऐकत नाही’ या नोंदीची दुरुस्ती

मागच्या महिन्यात सूनबाई स्वयंपाकघरातून वैतागून म्हणाली, "बाबा, हा अजिबात ऐकत नाही हो."

हा म्हणजे माझा नातू, वय पावणेदोन. मी हातातला पेपर ठेवला, आत गेलो, एक वाटी आणि चमचा घेतला आणि सूनबाईला म्हटलं, "तू खिडकीबाहेर बघ. मी सांगेपर्यंत वळू नकोस." ती गोंधळली, पण वळली. मी नातवाच्या मागे दोन हात अंतरावर उभा राहिलो आणि वाटी वाजवली. त्याने वळून पाहिलं. दुसऱ्या बाजूने वाजवली. पुन्हा वळला, आणि वाटी मागायला लागला.

"अहो बाबा, त्याला ऐकू येतं," सूनबाई हसत म्हणाली. "मी म्हणते, माझं ऐकत नाही."

"माहीत आहे," मी म्हटलं. तिला बाकीचं काही सांगितलं नाही. ते इथे सांगतो आहे.

या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे लहान मुलांच्या गमती मागितल्या होत्या. चौदा वर्षं घरोघर जाऊन मुलांना रांगताना, बोलताना पाहिलं, म्हणजे गमती भरपूर असणार, हा त्यांचा अंदाज बरोबर आहे. एक-दोन सांगेनही. पण हा लेख मी लिहितो आहे तो एका रजिस्टरच्या एका पानासाठी. त्या पानावर मी खोटं लिहिलं, आणि त्याची शिक्षा एका बाईने भोगली.

आधी काम काय होतं ते सांगतो. शाळेतली नोकरी सोडल्यावर मी नाशिकमधल्या एका संस्थेत पर्यवेक्षक म्हणून लागलो. चार वर्षांखालची मुलं असलेल्या घरी आमच्या ताया आठवड्यातून एकदा जायच्या आणि आईला दाखवायच्या की, घरातल्याच वस्तूंनी मूल कसं शिकतं. आम्ही खेळणी देत नव्हतो. परातीत वाटाणे टाकायचे आणि मुलाला चिमटीने उचलू द्यायचे. कणकेचा गोळा हातात द्यायचा. डबे आणि झाकणं समोर पसरायची आणि कुठलं कशाला बसतं ते त्याला शोधू द्यायचं. आमचा नियम एकच होता, सांगून सोडायचं नाही, आईकडून तिथल्या तिथे करून घ्यायचं.

शिवाय प्रत्येक मुलाचं एक कार्ड असे. त्यावर वाढीचे टप्पे. मान धरली का, पालथं पडलं का, आधाराशिवाय बसलं का, रांगलं का, चिमटीत वस्तू धरली का. ताईने विचारायचं, बघायचं आणि बरोबरची खूण करायची. महिनाअखेरीला मी ताईंची रजिस्टरं तपासायचो आणि शंका असेल त्या घरी जायचो.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. लासलगावच्या एका कांदा व्यापाऱ्याला दोन वर्षांच्या मुलाने एबीसीडी लिहायला हवी होती. मी म्हटलं, "शेठ, आधी बोटांत जोर येऊ द्या. त्याला वाटाणे सोलू द्या." ते म्हणाले, "सर, वाटाणे सोलायला आमच्याकडे बाई हाय. ह्याला बाई करायचंय का?"

सायखेड्याला गायकवाड नावाचे निवृत्त कारकून होते. नात अकरा महिन्यांची झाली तरी रांगेना. कारण सोपं होतं, आजोबा तिला कडेवरून उतरवतच नव्हते. "फरशी गार असते," त्यांचं म्हणणं. आमच्या ताईने गोधडी अंथरली आणि त्यांनाच खाली उतरवलं. पुढच्या भेटीला मी गेलो तर आजोबा गुडघ्यांना मफलर गुंडाळून चारी पायांवर, आणि नात त्यांच्या मागे. मला म्हणाले, "तीस वर्षं खुर्चीत बसलो सर. आता रांगायला लागलो. हे खरं प्रमोशन." पंधरा दिवसांत पोरगी दारातल्या चपलांपर्यंत रांगत पोचली. त्या कार्डावरची खूण मी स्वतः केली आणि दिवसभर मला कोणीतरी पदक दिल्यासारखं वाटत होतं.

त्या ताईचं नाव विमल. आमच्या सगळ्या तायांत तिचा डोळा सर्वांत तयार होता. सायखेड्याच्या बाजूची चार गावं तिच्याकडे होती. अक्षर मोठं, वाक्यं तुटक, पण एक नोंद वायफळ नसायची.

आता कार्डाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. जुन्या कार्डावर एक प्रश्न होता, ‘आवाजाच्या दिशेने वळतो/वळते का?’ मला तो पुस्तकी वाटला. आयांना समजेल असं कार्ड हवं, म्हणून मी एका रविवारी घरी बसून सगळे प्रश्न सोपे केले. त्या प्रश्नाच्या जागी लिहिलं, ‘सांगितलेलं ऐकतो/ऐकते का?’ बैठकीत त्या सोप्या भाषेचं कौतुक झालं. मलाही माझं कौतुक वाटलं. घरोघरच्या आया त्या प्रश्नाला हसून उत्तर द्यायच्या, "कुठलं ऐकतंय सर." आम्ही पुढे जायचो. कोणाच्या लक्षात आलं नाही की त्या कार्डावर आता कानाबद्दल एकही प्रश्न उरला नव्हता.

एका महिन्याच्या रजिस्टरमध्ये विमलताईची नोंद होती. ‘गौरी, वय अडीच. ऐकत नाही. सरांना दाखवणे.’

मी बैठकीतच हसलो. "विमलताई, अडीच वर्षांचं कुठलं पोर ऐकतं?"

"तसं नाही सर. ऐकतच नाही ती."

"लाडावलेली असेल. एकुलती आहे ना?"

"एकुलतीच आहे. पण मी काय म्हणते सर, तिचे कान..."

"मग धरा ना कान," मी म्हटलं.

सगळ्या ताया हसल्या. विमलताईही थोडी हसली, कारण सगळे हसत होते. तिचं वाक्य तिथेच राहिलं. आजवर अनेकदा मी ते मनात पुरं केलं आहे. फार लांबचं वाक्य नव्हतं. मी अर्धं मिनिट गप्प बसलो असतो तर पुरे होतं.

तरी तिने पाठपुरावा केला म्हणून मी त्या घरी गेलो. दोन खोल्यांचं स्लॅबचं घर, पुढे ओटा. वडील दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर, ते बाहेर गेलेले. आई शोभा, वय बावीस-तेवीस. गौरी ओट्यावर झाकणांशी खेळत होती. स्टीलच्या डब्यांची सात झाकणं तिने लहानमोठी लावून एका ओळीत मांडली होती. मी एक उचलून मागे लपवलं. तिने ओळीकडे पाहिलं, मग थेट माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि हात पुढे केला.

"हुशार आहे," मी म्हणालो.

"हुशार लय हाय सर," शोभा म्हणाली. "पण आयकत नाय. चार-चार हाका मारा, ढिम्म हालत नाय. मनात आलं तर लगेच पळत येती. सासू म्हणती, तूच लाडावून ठेवली."

विमलताई म्हणाली, "सर, एकदा वाटी वाजवून बघा ना."

मी वाटी-चमचा मागितला. गौरीच्या मागे उभा राहिलो. शोभा समोर, उंबऱ्यात बसलेली. वाटी वाजवली आणि गौरी झटकन वळली. पुन्हा वाजवली, पुन्हा वळली.

"झालं समाधान?" मी विमलताईला विचारलं.

ती गौरीकडे बघत राहिली.

मग मी शोभाला सल्ला दिला. तो शब्दन् शब्द इथे लिहितो, कारण तो कुठल्याही रजिस्टरमध्ये नाही. मी म्हटलं, "हाक एकदाच मारायची. आली नाही तर ओरडायचं नाही, मारायचं तर मुळीच नाही. फक्त तोंड फिरवून बसायचं. तिच्याकडे बघायचंच नाही. ती आपणहून वळणावर येईल."

आणि आमच्या नियमाप्रमाणे मी ते तिथल्या तिथे करून घेतलं. शोभाने हाक मारली. गौरी झाकणांत गुंग. शोभा भिंतीकडे तोंड करून बसली. थोड्या वेळाने गौरीने मान वर केली, आईची पाठ पाहिली आणि झाकणं टाकून धावली. वळसा घालून आईच्या समोर जाऊन बसली. शोभाने तोंड दुसरीकडे केलं. गौरी पुन्हा वळसा घालून समोर. मग तिने आईच्या दोन्ही गालांवर हात ठेवले आणि तिचा चेहरा ओढून आपल्याकडे वळवला.

शोभाच्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, "विरघळायचं नाही. बघा, कशी पाठ सोडत नाही."

त्या महिन्यात कार्डावर मी खूण केली. ‘सांगितलेलं ऐकते का?’ बरोबर.

आठ महिन्यांनी पुन्हा त्या घरी गेलो. गौरी कोपऱ्यात बसून होती. झाकणं मांडत होती, पण कोणाच्या तोंडाकडे बघत नव्हती. शोभा म्हणाली, "आता नाय तरास देत सर. गप असती." मी ‘सुधारणा’ असा शेरा मारला.

पुढे चार-पाच महिन्यांनी विमलताईने परत विषय काढला. रस्त्यात, एस.टी.ची वाट बघताना. "सर, साडेतीनची झाली. आई म्हणत नाही, पाणी म्हणत नाही. डॉक्टरला दाखवायला सांगू का?" मी म्हटलं, "मी स्वतः तपासलंय. काही मुलं उशिरा बोलतात. त्यांना घाबरवू नका." ती म्हणाली, "बरं." ती माझ्या हाताखाली होती. ‘बरं’ याशिवाय तिने काय म्हणायचं होतं?

गौरी सहा वर्षांची झाली तेव्हा शाळेतल्या बाईंनी तिला पहिल्या आठवड्यातच तपासायला पाठवलं. नाशिकला दवाखान्यात मीही गेलो, कारण शोभाचा नवरा म्हणाला, "साहेब, तुम्ही संगं चला, आम्हाला तिथलं कळत नाय." कान तपासणाऱ्या बाई तरुण होत्या. दोन्ही कानांनी जवळपास काहीच ऐकू येत नाही, जन्मापासून असावं, असं त्यांनी सांगितलं. मग विचारलं, "आधी कोणाला शंका आली नाही?"

मी म्हटलं, "अडीच वर्षांची असताना मी वाटी वाजवून पाहिली होती. वळली होती."

"आई कुठे होती?"

"समोर."

"मग ती आईचे डोळे बघून वळली," त्या म्हणाल्या. "आवाज झाला की आईची नजर तुमच्याकडे जाते. ही मुलं चेहऱ्यावरून सगळं वाचतात. त्यांच्यासाठी समोरच्याचा चेहरा म्हणजेच ऐकणं."

त्या रागावल्या नव्हत्या. फाइलवर लिहिता लिहिता बोलत होत्या. भाषेच्या दृष्टीने पहिली वर्षं फार मोलाची होती, ती गेली, आता यंत्र लावलं तरी बोलणं फारसं येईल असं वाटत नाही, हेही त्यांनी तसंच सांगितलं. शोभा गौरीचं दप्तर मांडीवर घेऊन बसली होती. तिने विचारलं, "पण आता तरी आयकंल ना?"

मी खिडकीबाहेर बघत होतो. तोंड फिरवून बसायचं, हे मीच शिकवलं होतं.

संस्थेत चौकशी झाली. इथे आमच्या कामाची एक पद्धत सांगितली पाहिजे. ताया घरोघर फिरताना कच्चं रजिस्टर ठेवत. त्यात डाग, खाडाखोड, पावसाचे थेंब. वरिष्ठांच्या तपासणीआधी ते नव्या रजिस्टरात सुवाच्य उतरवलं जाई. याला आम्ही ‘फेअर करणे’ म्हणत असू. विमलताईच्या भागाचं फेअर मी करायचो, माझं अक्षर चांगलं म्हणून. गौरीच्या पानावर ‘ऐकत नाही. सरांना दाखवणे’ याच्या जागी मी लिहिलं होतं, ‘हट्टी आहे. आईला मार्गदर्शन केले.’ त्या वेळी ते लबाडीने केलं नव्हतं. मला तेच खरं वाटत होतं. लबाडी नंतर केली.

संस्थेच्या मुख्य बाईंनी फेअर रजिस्टर उघडलं आणि विचारलं, "ताईंनी ऐकू येत नसल्याची शंका नोंदवली होती का?"

मी म्हटलं, "तशी नोंद माझ्यापर्यंत आली नाही."

विमलताई भिंतीजवळ उभी होती. ती म्हणाली, "मॅडम, माझं कच्चं रजिस्टर बघा. सरांकडे आहे."

मुख्य बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "जुनी कागदपत्रं मागच्या वर्षी रद्दीत काढली."

रजिस्टर माझ्या घरी कपाटात होतं. निवृत्तीला माझी दोन वर्षं राहिली होती. घाबरलो होतो, हे कारण आहे. ते पुरेसं नाही, हेही मला तेव्हाच ठाऊक होतं.

विमलताईने माझ्याकडे पाहिलं. तिचं काम गेलं. तेवढ्यावर थांबलं असतं तर बरं झालं असतं. चार गावांत बोललं गेलं की, या बाईच्या हयगयीमुळे पोरगी मुकी राहिली. ज्या घरांत तिने दहा वर्षं मुलांना बसायला, चालायला शिकवलं, त्या घरांत तिला पाणी विचारेनासे झाले. ती गाव सोडून सातपूरला राहायला आली. मला दोन वर्षांनी समारंभपूर्वक निरोप मिळाला. शाल मिळाली.

याला बारा वर्षं झाली. कच्चं रजिस्टर मी फाडलं नाही आणि कोणाला दाखवलंही नाही. नातवासाठी वाटी वाजवली त्या दिवशी दुपारी ते काढलं, हा लेख लिहायला घेतला आणि काही दिवसांनी विमलताईचा पत्ता शोधत गेलो.

ती साड्यांना फॉल-बिडिंग करते. केस पांढरे झाले आहेत. तिने मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मशीनवरचा हात न थांबवता म्हणाली, "बोला सर."

मी बोललो. या लेखाचा तोवर लिहिलेला मजकूर पुढे केला. तिने हात पुसून कागद घेतले, वरवर चाळले आणि विचारलं, "हे पण फेअर करून आणलंय का?"

मी पिशवीतून कच्चं रजिस्टर काढून तिच्यासमोर ठेवलं. तिने पान बरोबर उघडलं. स्वतःच्या अक्षरावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "मी एक शब्द कमी लिहिला सर. ‘ऐकू येत नाही’ असं लिहायला हवं होतं. रोज हेच म्हणते मी स्वतःला."

"चूक तुमची नव्हती."

"ते मला ठाऊक आहे. तुम्ही मला कशाला सांगता? तिच्या आईला सांगा." कागद परत देत ती म्हणाली, "आणि छापणार असाल तर माझं नाव लिहा. नुसतं ताई नका लिहू. गावात नाव घेऊनच बोलले होते सगळे."

म्हणून लिहितो. गौरीला ऐकू येत नाही हे ती अडीच वर्षांची असताना सौ. विमल दादा साळवे यांनी ओळखलं, नोंदवलं आणि मला तीन वेळा सांगितलं. मी ऐकलं नाही. दोन्ही अर्थांनी.

दुसऱ्या दिवशी सकाळी सायखेड्याच्या गाडीत बसलो. घर तेच आहे, ओट्याला आता फरशी बसवली आहे. शोभाने मला लगेच ओळखलं. ती आत चहा ठेवायला निघाली, तेव्हा मी तिला थांबवलं. गौरी अठरा वर्षांची आहे. मूकबधिर विद्यालयात शिकून आली, आता हंगामात द्राक्षांच्या पॅकिंगला जाते. ती ओट्याच्या कडेला बसून गवार मोडत होती. मला पाहून तिने मान हलवली आणि माझ्या तोंडाकडे बघायला लागली.

"तुम्ही सांगितलेलं मी सगळं पाळलं सर," शोभा म्हणाली. "दोन वर्षं पाळलं. येक दिवस चुकवला नाय. तुम्ही लय चांगलं सांगत व्हता. त्या बाईनंच घात केला आमचा."

मी रजिस्टर उघडून तिच्या हातात दिलं. शोभा सातवीपर्यंत शिकलेली आहे. तिने बोट फिरवत ती ओळ वाचली.

"हे त्या ताईचं अक्षर?"

"हो."

"म्हंजी तिला कळलं व्हतं?"

"हो. मला सांगितलंही होतं. तपासण्यात चूक मी केली. ती मुलगी तुमच्याकडे बघून वळली होती. आणि चौकशीत खोटं मी बोललो. तोंड फिरवून बसा म्हणालो, ते तर..."

शोभाने ती ओळ पुन्हा वाचली. रजिस्टर मिटलं आणि माझ्याकडे न देता बाजूला, फरशीवर ठेवलं.

"किती येळा फिरवलं आसंल मी," ती हळू म्हणाली. मला नाही, स्वतःलाच.

मग ती भिंतीकडे तोंड करून बसली.

गौरीने आईची पाठ पाहिली. गवारीची परात खाली ठेवली, उठली, माझ्या समोरून वळसा घालून पलीकडे गेली आणि भिंत आणि आई यांच्यामधल्या अरुंद जागेत गुडघे दुमडून बसली. आईच्या दोन्ही गालांवर हात ठेवून तिने तो चेहरा वर केला आणि काय झालं ते त्यावर वाचू लागली.